डबीवाल्या ताई

डबीवाल्या ताईंना हळू बोलता येत नसे. आमचं बियाणं कंपनीचं ऑफिस नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला, एका इमारतीच्या वरच्या दोन मजल्यांवर. ताई एका टोकाला बोलल्या की दुसऱ्या टोकाला पाणी पिणाऱ्या माणसाला ते ऐकू जाई. कुणी त्यांना बाजूला घेऊन कुजबुजलं, की ताई, मी पासवर्ड विसरलोय, तर त्या तिथूनच म्हणत, "इसरला तर इसरला, भाऊ, त्यात लाजायचं काय? बसा, नवा करून देते." सगळं ऑफिस हसे. पुढे पुढे विसरणारेही हसायला लागले. मी एकदा त्यांना म्हणालो, जरा हळू बोलत जा. त्या म्हणाल्या, "जे हळू बोलावं लागतं ते बोलायच्या आधी दोनदा इचार करावा." आणि हेही त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असंच सांगितलं.

त्या मूळच्या वडीगोद्रीच्या. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. मुलीला त्यांनी इंजिनियर केलं, मग ताई पुण्यात बरीच वर्षं नोकरीला होत्या. आई अंथरुणाला खिळली तशा परत आल्या आणि आमच्या कंपनीत कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुख झाल्या. विभागात त्या एकट्याच होत्या, म्हणजे प्रमुखही त्याच आणि शिपाईही त्याच. पहिल्या दिवशी हिशेबाच्या काकांनी चहा देता देता गोड आवाजात चौकशी सुरू केली. गाव कोणतं, घर गावात कोणत्या बाजूला, आडनाव काय लावता. तिसऱ्या प्रश्नाला ताईंनी कप खाली ठेवला. "काका, आम्ही जयभीमवाले. आणखी काही इचारायचं राह्यलं का?" काकांचा चेहरा पडला. ताई मात्र हसून म्हणाल्या, चहा चांगलाय, रोज एवढाच कडक करायला सांगा. पुढे हेच काका त्यांच्या टेबलाशी डबा खायला बसू लागले, पण त्याला वेळ लागला.

आमच्याकडे तेव्हा जुने कॉम्प्युटर होते. एमआयडीसीतल्या प्लांटमध्ये बियाण्याला औषध चोळतात, त्याची गुलाबी धूळ सगळीकडे बसते. ताईंनी प्लांटच्या कचेरीतला एक बंद पडलेला कॉम्प्युटर उघडला तेव्हा आत पंख्याला, तारांना, सगळ्याला गुलाबी थर होता, जणू कुणी आत होळी खेळून गेलंय. तो तसाच उघडा डबा घेऊन त्या ऑफिसला आल्या आणि जिना चढून मालकांच्या खोलीत गेल्या. मालकांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. साठी ओलांडलेले, एके काळी स्वतः बाजरीचं बियाणं पोत्यात भरून गावोगाव विकलेले गृहस्थ. ताईंनी डबा त्यांच्या टेबलावर ठेवला आणि सांगितलं, अशानं दर हंगामात चारदोन मशिनी मरणार आणि मरताना आतलं सगळं काम घेऊन मरणार. त्यापेक्षा एकच मोठं मशीन वरच्या थंड खोलीत ठेवू. सगळ्यांचं काम तिथं चालेल. टेबलावर फक्त पडदा, कीबोर्ड, माऊस, आणि पडद्याच्या पाठीला स्क्रूनं लावलेली एक छोटी डबी. डबीत पंखा नाही, साठवण नाही. धूळ खायला तिला तोंडच नाही. अण्णांनी डब्यात बोट फिरवलं, गुलाबी झालेलं ते बोट धोतराला पुसलं आणि होकार दिला.

त्या डब्यांवरून ताईंना नाव पडलं. पुण्याहून आलेला इंजिनियर दोन दिवसांत सगळं लावून जाणार होता. ताईंनी त्याला आठवडाभर हलू दिलं नाही. त्यानं वायरी भिंतीकडेनं उघड्याच सोडल्या होत्या. ताई म्हणाल्या, बियाण्याची कंपनी हाय, इथले उंदीर आधी वायरी खातात, मंग मका. त्यांनी भंगारातून लोखंडी पाइप आणवले आणि सगळ्या वायरी त्यातून ओढायला लावल्या. मग मराठी कीबोर्ड नाही म्हणून अडवलं. इंजिनियर म्हणाला, मॅडम, मराठीत कोण काम करतं? "आम्ही करून राह्यलो की," ताई म्हणाल्या. "आमचा शेतकरी पावती मराठीत वाचतो. तुमची डबी शिकंल." इंजिनियर पुण्याला फोन करत बसला, आणि शेवटी डबी शिकली.

लोकांना सुरुवातीला ते पटलं नाही. हिशेबाचे काका डबी हातात घेऊन उलटीपालटी करून बघत आणि विचारत, माझ्या फायली यात मावल्या कशा? ताई सांगत, तुमच्या फायली वर माडीवर हायत, ही नुसती खिडकी. मॅनेजर साहेबांची तक्रार वेगळी होती. आपल्या टेबलावर इतरांसारखी चिमुकली डबी नको, हुद्द्याला शोभेल असं काही मोठं द्या, असं त्यांचं म्हणणं. ताईंनी त्यांच्या पडद्यामागे इतरांसारखीच डबी घट्ट पिळून बसवली आणि म्हणाल्या, "सायेब, डबी सगळ्यांची बराबर. कामात कोण मोठं ते काम बघून ठरू द्या." ही गोष्ट मॅनेजर विसरले नाहीत, असं मला पुढे वाटत राहिलं.

लोकांचं मत बदललं ते एका दुपारी. हंगामाच्या तोंडावर गाड्या भरायची घाई चालू असताना लाइट गेली. जालन्यात लाइट जाणं काही नवं नाही, पण पूर्वी लाइट गेली की अर्धवट लिहिलेलं सगळं जाई आणि पुन्हा पहिल्यापासून. या वेळी वरचं मोठं मशीन बॅटरीवर चालूच होतं; लाइट आली, आम्ही नाव-पासवर्ड टाकला, आणि जो शब्द लिहिता लिहिता हात थांबला होता तिथेच पडदा उघडला. कुणी कुठेही बसावं, आपलं नाव टाकावं, आपलं काम आपल्यासमोर. उगवणशक्ती तपासणाऱ्या प्रयोगशाळेतली सुनंदा ही अंबडकडच्या एका शेतकरी घरातली मुलगी. ती कधी कुणाशी चार शब्द बोलत नसे, पण त्या दिवशी ती तीन वेगवेगळ्या टेबलांशी बसून खात्री करून आली आणि ताईंना म्हणाली, माझं सगळं जागेवर आहे. ताईंनी तिच्या पाठीवर थाप मारली. "तुझंच हाय ते, जाईल कुठं?"

या सगळ्यात एक सोय होती. ताई त्यांच्या जागेवरून आपला पडदा पाहू शकत, म्हणजे काही अडलं तर उठून यायला नको. पण त्याआधी आपल्या पडद्यावर एक प्रश्न उमटे, ताई तुमचा पडदा पाहू इच्छितात, चालेल का. आपण हो म्हटलं तरच त्यांना दिसे. डब्या बसून काही महिने झाले आणि मॅनेजर साहेबांनी ताईंना खोलीत बोलावलं. त्यांना ती सोय हवी होती, आणि तो प्रश्न नको होता. कोण काम करतं, कोण वेळ घालवतं हे गुपचूप बघायचं होतं. त्यांचं बोलणं आम्हाला ऐकू आलं नाही. ताईंचं आलं. "न्हाई, सायेब. कुणाच्या घरात डोकवायचं तर आधी कडी वाजवायची. कामाचं बघायचं तर काम मोजा, माणूस कशाला बघता?" दार उघडून त्या बाहेर आल्या आणि हातातली वायर गुंडाळत आपल्या खोलीत गेल्या.

त्यानंतर ताईंच्या आईची तब्येत बिघडली आणि त्या रजा घेऊन वडीगोद्रीला गेल्या. त्या रजेवर असताना तोच पुण्याचा इंजिनियर एका रविवारी येऊन गेला. रखवालदारानं ते सांगितलं, पण आम्ही कुणी त्याचा विचार केला नाही.

आता माझं सांगतो. माझं काम गाड्यांच्या पावत्या काढायचं, डिस्पॅचचं. माझी बायको मीना. आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल टिकत नव्हतं. संभाजीनगरच्या एका दवाखान्यात इलाज चालू होता आणि हे आम्ही दोघांच्या घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. मीनाचीच तशी इच्छा होती. दवाखान्याला रिपोर्ट आणि शंका लिहून पाठवायच्या असत, त्या मी जेवणाच्या सुट्टीत माझ्या पडद्यावर लिहायचो. एक दिवस मॅनेजर साहेब माझ्या टेबलाशी थांबले. आजूबाजूला पाचसहाजण होते. त्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि अगदी प्रेमानं विचारलं, "काय म्हणतात डॉक्टर? या खेपेला तरी राहील ना?"

 सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग सगळ्यांनी आपापल्या कामात मान घातली. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट प्लांटवर पोचली होती. दोन दिवसांनी भाजी घेताना कुणीतरी मीनालाच विचारलं. ती घरी आली, पिशवी ओट्यावर ठेवली आणि मला म्हणाली, तुम्ही कुणाला सांगितलंत? मी नाही म्हणालो. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला, पण त्या दिवसापासून ती बाहेर पडेना.

ताई परत आल्या तेव्हा मी त्यांना खालच्या टपरीवर नेऊन सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. मग वर गेल्या, आपल्या खोलीत बसून तपासलं आणि बाहेर आल्या. पडदा पाहण्याआधी उमटणारा तो प्रश्न त्या रविवारी काढून टाकलेला होता. मॅनेजरच्या टेबलावरून सगळ्यांचे पडदे दिसत होते, अण्णांचासुद्धा. मला वाटलं, मग सोपं झालं. मी म्हणालो, ताई, अण्णांना फक्त एवढंच सांगा की तुमचाही पडदा दिसतो. ते एका मिनिटात बंद करतील.

ताईंनी मान हलवली. "अण्णा त्यांचा पडदा झाकतील, भाऊ. तुमचा उघडाच राहील."

मग तुम्हीच बंद करून टाका, मी म्हणालो. किल्ल्या तर तुमच्याकडे आहेत. त्या म्हणाल्या, मी आज बंद करते, उद्या ते माणूस बोलावून पुन्हा चालू करतील. चोरून उघडलेलं मी चोरून झाकू का? त्या आधी मॅनेजरकडे गेल्या. हे बंद करा म्हणाल्या. ते नाही म्हणाले. मग लोकांना सांगा म्हणाल्या. त्याची गरज नाही, ते म्हणाले. सांगणं हे माझ्या कामातच येतं, असं म्हणून ताई उठल्या. हेही आम्ही सगळ्यांनी ऐकलं. पण त्या नेमकं काय करणार ते कुणाला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आलो, नाव टाकलं, पासवर्ड टाकला. पडद्यावर आपलं काम उघडलं नाही. पांढऱ्या पाटीवर मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलं होतं : "या पडद्यावर तुम्ही जे लिहाल, जे वाचाल, ते तुम्हाला न विचारता, न कळवता मॅनेजर साहेबांच्या टेबलावरून पाहता येतं. हे मान्य असेल तर खालचं बटण दाबून पुढे जा." खाली एकच बटण होतं, त्यावर लिहिलं होतं, मान्य.

कुणीतरी लगेच दाबलं असेल, असं मला वाटलं. मी मान वर करून पाहिलं. सुनंदा हात मांडीवर ठेवून बसली होती. तिच्या शेजारच्या मुलीनं विचारलं, दाबू का गं? सुनंदा म्हणाली, "मला मान्य न्हाई, मी कशाला दाबू?" ती एवढंच बोलली, तेही तिच्या नेहमीच्या बारीक आवाजात. पण शेजारच्या मुलीनं माऊसवरचा हात काढला. मग तिच्या पलीकडच्या मुलानं. हिशेबाच्या काकांनी चष्मा काढून पाटी पुन्हा वाचली, चष्मा पुसला आणि घडी घालून खिशात ठेवला. मी तर हात लावणारच नव्हतो.

कापसाच्या बियाण्याचे दिवस होते. एमआयडीसीच्या फाटकाशी गाड्या भरून उभ्या होत्या आणि पावती निघाल्याशिवाय एकही हलू शकत नव्हती. ड्रायव्हरांचे फोन येऊ लागले. मॅनेजर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे जात, दाबा, नुसतं बटण आहे, असं सांगत राहिले. कुणी उलट बोललं नाही आणि कुणी दाबलंही नाही. मग त्यांनी ताईंना बोलावलं आणि ती पाटी काढायला सांगितली. ताई म्हणाल्या, पाटीवर खोटं काय लिहिलंय ते दाखवा, आत्ता काढते.

तेवढ्यात जिन्यावरून अण्णा खाली आले. त्यांच्या पडद्यावरही तीच पाटी होती आणि त्यांनीही बटण दाबलं नव्हतं. त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं, मग ताईंना विचारलं, "हे तुम्ही केलं?"

"पाटी मी लावली, अण्णा. पाटीवर लिहिलंय ते मी न्हाई केलं."

"गाड्या उभ्या आहेत, ताई. पेरणी थांबत नसते."

"बराबर. तुम्ही हो म्हणा, एक चहा होईपर्यंत सगळं पहिल्यासारखं करते. इचारून बघायचं, न इचारता बघायचं न्हाई. एवढंच."

मॅनेजर मधे पडले. शिस्तीचं काय, कामचुकारांचं काय, असं बरंच बोलले. अण्णांनी ऐकून घेतलं आणि काकांकडे वळले. काका त्यांच्याकडे सगळ्यात जुने. अण्णांनी विचारलं, तुम्हीसुद्धा? काका उभे राहिले. म्हणाले, अण्णा, मी तुमच्याकडे जन्म घालवला, माझ्यावर नजर ठेवायची असेल तर समोर बसून ठेवा. एवढं बोलूनही ते बसले नाहीत, उभेच राहिले.  मग अण्णा ताईंना म्हणाले, करा पहिल्यासारखं.

गाड्या त्याच दुपारी सुटल्या. सुट्टीत मी ताईंना म्हणालो, तुम्ही जिंकलात. त्या पोळीचा तुकडा मोडत म्हणाल्या, "मी फक्त इचारलं. उत्तर तुम्ही दिलं."

पण असल्या गोष्टी विसरल्या जात नाहीत. हंगाम सरला आणि कंपनीनं ठरवलं, की कॉम्प्युटरचं सगळं काम बाहेरच्या कंपनीला कंत्राटानं द्यायचं. तो विभागच नको. मॅनेजरनी ताईंना राजीनामा लिहून द्यायला सांगितलं, म्हणजे पुढे दुसरीकडे बरं पडेल. ताईंनी नकार दिला. "मला जायचं न्हाई. तुम्हाला घालवायचं हाय. मंग तसं तुम्ही लिहा, मी काहून लिहू?" अण्णा त्या दिवसांत ऑफिसला आले नाहीत. शेवटी कंपनीला तसं लिहून द्यावं लागलं. ताईंनी ते वाचलं, सही केली आणि कामाला लागल्या. नव्या माणसाला त्यांनी सगळं बसून शिकवलं. कुठली वायर कुठल्या पाइपातून जाते, थंड खोली गरम झाली तर आधी काय बघायचं, कुणाचा पडदा का अडतो. मला राग येत होता. मी म्हणालो, एवढं कशाला सांगता? त्या म्हणाल्या, काम माझं हाय, भाऊ, भांडण त्यांच्याशी होतं.

आता त्या अंबडकडच्या एका कॉलेजात आहेत. तिथेही त्यांनी डब्या बसवल्याचं कळलं. तिथल्या प्राचार्यांशीही त्यांचं एकदा वाजलं म्हणे. मला त्याचं नवल वाटलं नाही.

पण मला जो दिवस पुन्हा पुन्हा आठवतो तो त्यांचा ऑफिसातला शेवटचा. निरोपाचा कार्यक्रम करायला मॅनेजरनी परवानगी दिली नव्हती. ताईंनी आपली पिशवी भरली होती आणि त्या टेबलाटेबलाशी जाऊन जयभीम, येते, असं म्हणत होत्या. तेवढ्यात जिन्यातून मीना वर आली. मी तिला बोलावलं नव्हतं. कित्येक महिन्यांत ती कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा गेली नव्हती, आणि आज रिक्षा करून एकटी आली होती. दारात उभी राहून तिनं आधी श्वास घेतला. मग म्हणाली, "माझ्या आजारपणाचं तुम्ही सगळ्यांनी इकडून तिकडून ऐकलंय. आता माझ्याकडून ऐका. दोन वेळा दिवस गेले, दोन्ही वेळा राहिलं नाही. इलाज चालू आहे. पुढं होईल, न होईल. ज्याला विचारायचं असेल त्यानं मला विचारावं, मी सांगेन."

 काकांनी डोळे टिपले. मॅनेजर साहेब आपल्या खोलीच्या दारात उभे होते. मीनानं त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि मान फिरवली. मग ती ताईंपाशी गेली, त्यांच्या पिशवीचा एक बंद स्वतःच्या हातात घेतला आणि म्हणाली, चला ताई, चहा घेऊ आणि मग मी तुम्हाला बसमध्ये बसवून देते. दोघी पिशवी मधे धरून जिन्याकडे निघाल्या. सुनंदा उठली, ओढणी सावरली आणि त्यांच्या मागे गेली.

मी उठलो. मॅनेजर साहेबांनी विचारलं, कुठे निघालात, अजून सुट्टी व्हायची आहे. मी म्हणालो, ताईंना पोचवायला, आणि जिना उतरायला लागलो. माझ्या मागे आणखी खुर्च्या सरकल्याचा आवाज येत होता.